आत्या, मावशी आणि मधली काच

मी एक जुनी काचेची पेटी आहे. माझा एक कोपरा उडालेला आहे, तळाला चिकटपट्टी आहे आणि मला मांजरे आवडत नाहीत. माणसेही फारशी आवडत नाहीत. आत्मवृत्त सांगताना 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणते. पण मित्रांनो, काचेवर बोटाने टकटक करणाऱ्याला मी मित्र मानत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म एका काचवाल्याच्या दुकानात झाला. चपलांच्या एका दुकानाची दर्शनी काच मोडीत निघाली होती. काचवाल्याने तिचे तुकडे केले, कडा घासल्या, सिलिकॉनने सांधे जोडले आणि मला उन्हात धरून म्हणाला, "जाड काच आहे. वर पोरं नाचली तरी तडकायची नाही." माझे असे खरे कौतुक त्यानंतर कोणी केले नाही.

तिथून मी दातांच्या एका दवाखान्यात गेले. बाहेरच्या खोलीत मला एका टेबलावर ठेवले आणि माझ्यात मासे सोडले. गाल सुजलेली माणसे माझ्यासमोर बसून कण्हायची, त्यांची मुले टकटक करायची, आणि सगळे एकच म्हणायचे, "मासे किती छान आहेत." मासे कोणामुळे दिसतात, हे कोणाच्या मनात येत नसे. काचेचे असेच असते. ती चांगली असली की तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

मग माझा एक सांधा झिरपू लागला. टेबलावरची मासिके भिजली, डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि माझ्या जागी टीव्ही आला. मला मागच्या अडगळीत ढकलले. तिथे लोक माझ्यात ओल्या छत्र्या उभ्या करीत. एकदा तर लादी पुसायचे फडकेही टाकून गेले. मी सगळे लक्षात ठेवले आहे.

त्या दवाखान्यात एक मदतनीस होती. लोकांच्या दातांचे साचे काढणे, ते वाळवणे, कडा घासणे हे तिचे काम. एक दिवस तिने मला छत्र्यांसकट पाहिले आणि डॉक्टरांना विचारले, "ही पेटी मी नेली तर चालेल का?" डॉक्टर म्हणाले, "टाकायचीच होती." अशा रीतीने मी टाकाऊ म्हणून एका घरात आले. घरात ही मदतनीस सून होती, म्हणून मी तिला वहिनी म्हणेन.

वहिनीने मला गरम पाण्याने धुतले, सांधा बुजवला आणि माझ्यात निम्म्याहून जास्त कोरडी माती भरली. कुंडीचा अर्धा तुकडा आडवा ठेवून गुहा केली. पाण्यासाठी एक बुटके झाकण पुरले. माझ्यासाठी तिने जाड पारदर्शक प्लॅस्टिकचे नवे झाकण कापून आणले, त्याला बारीक भोके पाडली आणि दोन्ही टोकांना पोलादी क्लिपा बसवल्या. जाळी का लावली नाही, असे तिच्या नवऱ्याने विचारले, तेव्हा ती म्हणाली, "जाळीत तिची नखं अडकतात. मग ती लोंबकळते आणि पडते. आणि पडली की संपलं. पोट फुग्यासारखं फुटतं."

'ती' म्हणजे टॅरंटुला. तळहाताएवढी, तपकिरी, केसाळ कोळ्याची मादी. एका गृहस्थाला परगावी जायचे होते, त्याने ती वहिनीला दिली. पहिल्या दिवशी मलाही तिची किळस आली. पण ती दिवसभर गुहेच्या तोंडाशी बसे, आठवड्यातून एखादा रातकिडा खाई आणि कोणाच्या अध्यातमध्यात नसे. एवढे सभ्य वागणे मी त्याआधी पाहिले नव्हते. हळूहळू ती मला सोसू लागली, मी तिला.

आता घराबद्दल. घरात तीन माणसे. वहिनी, तिचा नवरा आणि नवऱ्याची थोरली बहीण. या बहिणीला सगळे ताई म्हणत. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन टाकून ताई लोकांचे कपडे लहानमोठे करून द्यायची, पडदे शिवायची. तिच्या गळ्यात कायम मोजायची टेप असे आणि पायाशी दोन मांजरे. बोका निव्वळ झोपाळू होता. मांजरी मात्र जातीची आगाऊ. मांजर म्हणजे वाघाची मावशी, म्हणून ताईने तिचे नाव मावशी ठेवले होते.

ताई आणि वहिनी यांचे सख्य विळ्याभोपळ्याचे. एकीने खिडकी उघडली की दुसरीला थंडी वाजायची. तशात मी आले, माझ्यात ती आली, आणि वहिनीने तिचे नाव ठेवले आत्या. घरात मूलबाळ नव्हते, त्यामुळे आत्या म्हणायचे कोणाला, हा प्रश्न पहिले दोन दिवस कोणाला पडला नाही. वहिनी सकाळी म्हणायची, "आत्या आज रागात दिसतेय." संध्याकाळी म्हणायची, "आत्याचं पोट भरलंय, आता आठवडाभर बघायला नको." तिसऱ्या दिवशी ताईचे मशीन एकदम थांबले.

"या घरात पुढेमागे मूल झालं तर त्याची आत्या कोण?" ताईने विचारले.

"तुम्हीच की, ताई," वहिनी म्हणाली.

"मग माझं नाव त्या किड्याला?"

"तुम्ही मांजरीला मावशी म्हणता, तेव्हा माझ्या बहिणीनं काही तक्रार केली नाही."

त्या दिवसापासून घरात उघड युद्ध सुरू झाले. नावे ठेवण्यात दोघी पटाईत होत्या, पण नावे ठेवून जनावरे सुरक्षित राहत नाहीत. त्यासाठी झाकण नीट ठेवावे लागते.

वहिनीने आतल्या छोट्या खोलीत मला एका बुटक्या, जड पेटाऱ्यावर ठेवले, भिंतीला टेकवून. उंच फळीवर ठेवले असते तर मांजराने एका धक्क्यात ढकलून दिले असते. मग तिने नियम सांगितले, म्हणजे चढ्या आवाजात सगळ्यांना ऐकवले. मांजरे त्या खोलीत जाणार नाहीत. दार लावलेले राहील. ताई मांजरांच्या मानेवर पिसवांचे औषध लावते, तो हात पेटीला लावायचा नाही, कारण पिसवा मारणारे औषध कोळ्यालाही मारते. ताई म्हणाली, "मी त्या खोलीत पायच ठेवणार नाही, हात कुठला लावते." एवढे बोलून तिने दोरा दातांनी तोडला.

तिसरा माणूस म्हणजे नवरोबा. हा इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्टचे दार नीट लागले नाही तर काय अनर्थ होतो, हे दिवसभर लोकांना समजावून सांगायचा. घरात मात्र तो दोघींच्या मध्ये हात चोळत उभा राहायचा आणि म्हणायचा, "जाऊ द्या ना." आता माझ्या खोलीचे दार जरा खोडीचे आहे. त्याला आतून कडी आहे, बाहेरून नुसता खटका. तो खटकाही मूठ धरून दार जोरात दाबले, खट्ट असा आवाज आला, तरच बसतो. नाहीतर दार नुसते लोटलेले राहते. बघणाऱ्याला बंद दिसते, पण मांजराच्या पंजाने उघडते. नवरोबा माझ्या खोलीतल्या कपाटातून अवजारे काढायचा, जाताना पायाने दार लोटायचा आणि बाहेर जाऊन सांगायचा, "लावलं बरं का दार." मराठी भाषेत लोटणे आणि लावणे हे दोन वेगळे शब्द आहेत. ते कोणीतरी विचार करूनच केले असणार. नवरोबाला मात्र दोन्ही सारखेच.

एका दुपारी व्हायचे तेच झाले. मावशीने लोटलेले दार उघडले, आत आली आणि माझ्या झाकणावर चढून बसली. तिची नखे माझ्या डोक्यावर करकरत होती आणि ती भोकांना नाक लावून हुंगत होती. आत्याने बराच वेळ सोसले. मग पाठ वळवली, मागच्या पायांनी पोटावरचे बारीक केस खरवडले आणि वर उडवले. ते केस दिसत नाहीत, पण जिथे लागतात तिथे आग होते. मावशी किंचाळत ताईकडे पळाली. संध्याकाळपर्यंत तिचा एक डोळा सुजून बंद झाला आणि जनावरांच्या डॉक्टरकडे धावपळ झाली.

डोळा वाचला. पण ताई रडत रडत म्हणाली, "आज डोळा, उद्या जीव. ही पेटी घराबाहेर गेली पाहिजे." वहिनी म्हणाली, "झाकण फुटून मांजर आत्यावर पडली असती तर? मांजर तिच्या अंगावर गेली, ती मांजरीच्या अंगावर गेली नाही." दार कोणी उघडे टाकले यावर दोघी भांडल्या. ताईला खात्री होती की वहिनीने. वहिनीला खात्री होती की ताईने, मुद्दाम. नवरोबा मूग गिळून बसला होता. मला तोंड असते तर मी तेव्हाच सांगितले असते.

शेवटी नवरोबाने न्याय केला. "यापुढे मांजर त्या खोलीत गेली, तर ज्याच्या चुकीनं दार उघडं राहिलं त्याचं जनावर घराबाहेर. हिची चूक असली तर कोळी जाईल, ताईची असली तर मावशी." दोघींनी हे लगेच मान्य केले, कारण चूक समोरचीच करणार याबद्दल कोणालाच शंका नव्हती. आपण फार शहाणे आहोत अशा चेहऱ्याने नवरोबा हात धुवायला गेला. जाताना त्याने माझ्या खोलीचे दार लोटले.

त्यानंतर दोघी एकमेकींवर पहारा ठेवू लागल्या. वहिनी कामाला निघताना मूठ धरून दार दाबून खट्ट असा आवाज काढायची आणि ताईकडे बघायची. ताई मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "ऐकलं." माझ्यासाठी ते दिवस बरे होते. द्वेषापोटी का होईना, दार लागत होते.

काही महिन्यांनी आत्याने खाणे सोडले. तिच्या पोटाचा रंग काळवंडला, ती हालचाल करीना. वहिनीने ओळखले की आता ती कात टाकणार. कात फक्त सापच टाकतात असे नाही, मित्रांनो. हे प्राणी उताणे पडतात, जुने अंग उसवून काढतात, आणि मग दोन-तीन दिवस इतके मऊ असतात की रातकिडासुद्धा त्यांना चावून मारू शकतो. वहिनीने नवऱ्याला बजावले, "ती उलटी पडली तर हात लावायचा नाही. ताईंनाही सांगा." तो म्हणाला, "सांगतो." पण ताईला सांगायचे म्हणजे आत्याचा विषय काढायचा, आणि विषय काढला की कटकट. त्याने सांगितले नाही. स्वतःसुद्धा अर्धेच ऐकले होते.

तो दिवस माझ्या काचेवरून कधी पुसला जाणार नाही. सकाळी आत्याने जाळ्याची गादी विणली आणि ती उताणी पडली. वहिनी तोवर दवाखान्यात गेली होती. नवरोबा अवजारांची पिशवी घ्यायला आला, त्याने माझ्यात डोकावले आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याला वाटले, मेली. खात्री करून घ्यायला त्याने दोन्ही क्लिपा काढल्या, झाकण उचलले, आणि तिचा एक पाय थरथरताना पाहून घाबरून झाकण परत ठेवले. ठेवले, मित्रांनो. लावले नाही. क्लिपा तशाच खाली पडून राहिल्या. मग हा गृहस्थ पाय न वाजवता बाहेर गेला, दार लोटले आणि बहिणीला म्हणाला, "येतो गं. दार लावलंय."

थोड्या वेळाने दार हलले. आधी पंजा आला, मग मिशा. मांजर डोळे मिटून दूध पिते तेव्हा तिला वाटते कोणी बघत नाही, पण तेव्हा तिचे डोळे चांगले उघडे होते. ती माझ्यावर चढली. तिच्या वजनाने सुटे झाकण सरकले, तिरके झाले, पेटाऱ्याच्या कडेवर आपटून तडकले. माझे तोंड उघडे पडले. खाली आत्या उताणी, पाय आकसलेले, जुन्या अंगात अर्धी अडकलेली. तिला ना पळता येत होते, ना केस उडवता. मावशीने पुढचा पंजा माझ्यात घातला. माझ्या काचेने कोणताही वार सोसला असता, पण वरून येणाऱ्या पंजाला काच काय करणार? इतकी असहाय मी अडगळीतही नव्हते.

झाकण आपटल्याचा आवाज ऐकून ताई आली. गळ्यात टेप, हातात अर्धवट शिवलेला पडदा. तिने मांजर पाहिले, उघडी पेटी पाहिली, उलटी पडलेली आत्या पाहिली. क्षणभर तिच्या तोंडावर जे आले ते मी स्पष्ट पाहिले. ते सुख होते. तिच्या लेखी दाराची चूक वहिनीची होती आणि कोळी मेला होता. ताई काही न करता परत फिरली असती तरी जिंकली असती.

मग मावशीने पंजा आणखी खाली नेला आणि ताईने तिची मानगूट पकडली. "डोळा जाईल गं, मूर्ख," असे म्हणत तिने मांजरीला बाहेर टाकले आणि दार ओढले. खट्ट झाले नाही. दार परत तसूभर उघडले आणि फटीतून पंजा आला. ताईने ते दार दोनदा ओढून पाहिले, खटक्याकडे बघितले, आणि तिच्या कपाळावर आठी पडली. मग तिने आतून कडी घातली.

तिला मेलेला कोळी पाहायचा होता, असे मला वाटते. ती माझ्यावर वाकली. तेवढ्यात आत्याचा एक पाय जुन्या पायातून हळूच बाहेर सरकला, ओला, फिकट. मग दुसरा. ताईने आयुष्यभर कपडे उसवले होते. बाहीतून अस्तर ओढून काढतात तसे ते होते, आणि ते तिला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. "अगं बाई," ती हळू म्हणाली, "ही तर कपडे बदलतेय."

झाकण उचलायला तिने हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. त्याच सकाळी तिने मांजरांच्या मानेवर औषध लावले होते. आपल्या बोटांकडे तिने असे पाहिले की जणू ती दुसऱ्या कोणाची आहेत. हात धुवायला जावे तर कडी काढावी लागणार, आणि दाराबाहेर मावशी ओरडत होती, खालून पंजे घालत होती. ताईने पडद्याच्या कापडात दोन्ही हात गुंडाळले, स्टूल माझ्याशेजारी ओढले आणि बसली. जिथे पाय ठेवणार नाही म्हणाली होती, त्याच खोलीत तिने स्वतःला कोंडून घेतले. बाहेर गिऱ्हाईक येऊन बेल वाजवून गेले. तिने ओ दिली नाही. अधूनमधून ती आत्याला शिव्या देत होती. "माझं नाव लावतेस आणि माझंच काम अडवतेस. आटप लवकर."

संध्याकाळी वहिनी आली. बंद दार पाहून तिने थाप मारली.

"ताई? आत काय करताय तुम्ही?"

"आधी मांजर धर. मग उघडते."

"तिला काय केलंत?"

"मांजर धर म्हटलं ना."

वहिनीने मांजरीला स्वयंपाकघरात कोंडले आणि दार उघडले. तिने तडकलेले झाकण पाहिले, खाली पडलेल्या क्लिपा पाहिल्या, कापडात गुंडाळलेले ताईचे हात पाहिले. तिचा आवाज चिरकला. "मारलंत तुम्ही तिला. ती असहाय असताना मारलंत."

"मारायचं असतं तर तेव्हाच मारलं असतं आणि चहा पीत बसले असते," ताई म्हणाली. "सकाळपासून इथे बसलेय. बघ नीट."

वहिनी माझ्यावर वाकली. एका बाजूला जुने अंग पडले होते, हातमोज्यासारखे पोकळ. शेजारी आत्या उभी होती. नवी, मऊ, थकलेली, आणि नेहमीप्रमाणे कोणाच्या अध्यातमध्यात नसलेली. वहिनीचे डोळे भरून आले होते, हे मी अगदी जवळून पाहिले. ताई म्हणाली, "रडायला काय झालं? मेली नाही ना." पण तेही नेहमीच्या धारेने नाही.

तेवढ्यात नवरोबा आला. दोघींनी एकदम त्याच्याकडे पाहिले. तसे त्या घरात पूर्वी कधी झाले नव्हते.

"सकाळी तू या खोलीत आलास, झाकण तू काढलंस," ताई म्हणाली. "दार लावलं होतंस?"

"लावलं होतं की."

"लावून दाखव."

त्याने मावशीला खोलीबाहेर मोकळे सोडायला लावले, बाहेर गेला आणि नेहमीसारखे पायाने दार लोटले. "लागलं बघा," बाहेरून आवाज आला. आम्ही वाट पाहत होतो. आधी पंजा आला, मग मिशा. दार उघडले आणि त्याच्या चौकटीत नवरोबा उभा होता, तोंडावरचे शहाणपण गळालेले.

"न्याय तूच केला होतास," ताई म्हणाली. "ज्याची चूक त्याचं जनावर घराबाहेर. सांग, तुझं कोणतं काढायचं?"

"याचं जनावर नाहीच," वहिनी म्हणाली. "हाच आहे."

त्यानंतर घरात प्रेमाचे भरते आले, असे समजू नका. दुसऱ्या दिवशी खिडकीवरून पुन्हा भांडण झाले. पण ताईने जाड कापडाचा पट्टा शिवला, त्याला लोखंडी बक्कल लावले, आणि माझे नवे झाकण आल्यावर तो माझ्याभोवती आवळून बसवला. हात धुऊन. "माझ्या मांजरीच्या डोळ्यांसाठी शिवलाय," ती म्हणाली, "गैरसमज नको." वहिनी म्हणाली, "नाही झाला." दाराला बाहेरून कडी बसवली नवरोबाने, दोघी कमरेवर हात ठेवून समोर उभ्या असताना. ताईने त्याला ताकीद दिली की आत्याच्या खोलीत विचारल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. कोणत्या आत्याच्या, हे त्याने विचारले नाही.

तर मित्रांनो, जनावर पाळणे म्हणजे त्याला गोंडस नाव ठेवणे नव्हे. मांजर मांजरासारखेच वागणार आणि कोळी कोळ्यासारखा, त्यात त्यांचा दोष नाही. दोघांच्या मध्ये काच असते, झाकण असते, दार असते, आणि ते सगळे तुमच्या हातात असते. भांडखोर माणसाने लावलेले दार चालते मला. गोड माणसाने लोटलेले नको.

आता माझे सांगून झाले. काचेवर टकटक न करता निघा. जाताना दार लावा, आणि मी ते ऐकेपर्यंत मूठ सोडू नका.